जुन्या पिकअपला पायदान बसवताना

(आपल्या रेडिओवरील भाषण)

चुलीपुढे असाल, गोठ्यात असाल, नाही तर बांधावर बसून मोबाईलवर ऐकत असाल, तर आवाज जरा वाढवा. आज मी पाककृती सांगणार नाही. आज मी गाडीला पायदान कसं बसवायचं ते सांगणार आहे. हसू नका. शेवटपर्यंत ऐका, म्हणजे हे बोलणं बायकांच्या कार्यक्रमात का, ते कळेल.

आमच्याकडे १९९८ सालची पिकअप आहे. मामंजींनी घेतलेली. ते गेल्यावर विकायचं कुणाच्या मनात आलं नाही. गेली सहा वर्षं मीच ती चालवते आणि दर मंगळवारी आठवडी बाजाराला भाजी नेते. शेजारच्या सीटवर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. तराजू त्यांच्या हातात. खरं सांगते, गिऱ्हाईक त्यांच्या तोंडाकडे बघून येतं, माझ्या नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसात उतरताना त्यांचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण भीती बसली. म्हणाल्या, "मी नाही येत आता. तुझ्या गाडीला पायरी नाही आणि माझ्या गुडघ्यांना वंगण नाही." बाजार सुटला तसं त्यांचं बोलणंही कमी झालं. हातात स्वतःचे चार पैसे असायचे, तेही गेले.

मी टेप घेऊन मोजलं. जमिनीपासून केबिनचा तळ ६४ सेंटीमीटर. घरच्या जिन्याची पायरी असते १५ ते १८ सेंटीमीटर. म्हणजे सत्तरीच्या बाईला आपण चार पायऱ्या एका दमात चढायला सांगत होतो, तेही नऊवारीत. चूक त्यांच्या गुडघ्यांची नव्हती.

पूर्वीच्या मोटारींना लांब पायदान कंपनीकडूनच यायचं. जुने सिनेमे आठवा. पुढे गाड्यांच्या बॉडी रुंद झाल्या आणि पायदान गेलं. पिकअप मात्र उंचच राहिली, कारण तिला खड्ड्यातून, ओढ्यातून माल न्यायचा असतो. म्हणून तिला पायदान आपल्यालाच बसवावं लागतं.

पहिल्या वेळी मी चुकले. एका वेल्डिंगवाल्याकडे गाडी उभी केली. त्याने दाराखालच्या पत्र्यालाच पाईप चिकटवून दिला. अर्ध्या तासात काम, दिसायला झकास. दोन महिन्यांनी टोमॅटोचं कॅरेट घेऊन मी त्यावर पाय दिला, तर पत्रा फाटून पायदान लोंबलं. आत्याबाई त्यावर नव्हत्या, हे नशीब.

असं का झालं? पिकअपचे दोन भाग असतात. खाली लोखंडाच्या दोन लांब जाड पट्ट्या असतात, ती चासी. तिच्यावर रबराच्या गाद्या ठेवून पत्र्याची केबिन बसवलेली असते. चासी म्हणजे घराची तुळई आणि दाराखालचा पत्रा म्हणजे कूड. आपण बाळाचा झोका कुडाला बांधतो का? तुळईलाच बांधतो. पायदानाचंही तेच. त्याचा भार चासीवरच गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट, अंतर. भरलेला हंडा कमरेवर घेतला तर चालता येतं. तोच हंडा हात लांब करून धरून बघा, दोन पावलं जाणार नाही. पायदान चासीपासून जितकं बाहेर, तितका ब्रॅकेटवरचा पीळ जास्त. ३० सेंटीमीटरवर उभी राहणारी बाई ४५ सेंटीमीटरवर उभी राहिली, तर तिच्याच वजनाने पीळ दीडपट होतो. म्हणून पायदान पाऊल नीट मावेल इतकंच रुंद ठेवायचं. ते मडगार्डच्या बाहेर काढायचं नाही. अरुंद रस्त्यावर समोरून ऊसाचा ट्रॅक्टर आला की ते का, ते कळतं.

आता काम कसं करायचं ते क्रमाने सांगते. तुम्ही स्वतः पाना धरा किंवा मेस्त्रीकडून करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा.

आधी उंची ठरवा. पायदान जमीन आणि केबिनचा तळ यांच्या साधारण मध्यावर हवं. माझ्या गाडीला ते ३२ सेंटीमीटरवर आलं. फार खाली घेतलं तर शेतातल्या वाटेवर दगडाला घासतं. फार वर घेतलं तर पहिली पायरीच अवघड होते.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. मग खाली वाकून चासी घासून काढा. तारेच्या ब्रशने चिखल आणि गंज निघाला की लोखंड खरं कसं आहे ते दिसतं. हातोडीने हलकेच ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला किंवा खपल्या पडल्या, तर पायदान राहू द्या, आधी चासीचं बघा. जुन्या गाडीत ही पायरी कधीच गाळू नका.

चासीला कंपनीनेच पाडलेली रिकामी भोकं बऱ्याचदा असतात. ब्रॅकेट शक्यतो तिथेच बसवा. नवं भोक पाडायचं झालंच, तर चासीच्या उभ्या बाजूला आणि मधोमध. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला भोक अजिबात नको, कारण ताण तिथेच जास्त असतो आणि तडा तिथूनच जातो. ड्रिल लावण्याआधी चासीच्या आतल्या बाजूने हात फिरवून बघा. ब्रेकची नळी, डिझेलची नळी आणि वायरिंग तिकडूनच जातं. ब्रेकच्या नळीला टोचा लागला तर घाटात काय होईल, ते मी सांगायला नको. सायलेन्सरच्या बाजूला थोडी मोकळी जागा सोडा.

वेल्डिंग लागलं तर ते ब्रॅकेटवर करा, चासीवर नाही. ब्रॅकेट टेबलावर तयार करून आणायचे आणि चासीला नट-बोल्टने जोडायचे. उद्या वाकले तर काढताही येतात. एका बाजूला दोन नव्हे, निदान तीन ब्रॅकेट हवेत. दोनच असले की मध्ये उभं राहिल्यावर पाईप झोल खातो.

बोल्ट निवडताना त्याचं डोकं बघा. चांगल्या बोल्टवर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. भंगारातले गुळगुळीत डोक्याचे बोल्ट घेऊ नका. बोल्टखाली रुंद वॉशर घाला आणि नायलॉनची कडी असलेला नवा नट वापरा. हा नट धक्क्यांनी सहसा सैल होत नाही, पण एकदा काढला की पुन्हा तोच वापरू नये.

सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवून ठेवा. एक आधी आवळून टाकला तर पुढचं भोक जुळत नाही. पायदान सरळ आहे का, दार पूर्ण उघडतं का, पुढचं चाक पूर्ण वळवल्यावर घासतं का, पंक्चर झालं तर जॅक लावायला जागा आहे का, हे बघा. मगच आवळा. मेस्त्रीकडे टॉर्क पाना असेल तर १० मिलिमीटर जाडीच्या ८.८ बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर पुरतात. जास्त जोर लावला तर आटे मरतात.

वर पाय ठेवायला खरबरीत चेकर प्लेट लावा. गुळगुळीत चकाकणारा पाईप पावसात साबणासारखा होतो. पाईपच्या खालच्या बाजूला पाणी निथळायला छोटी भोकं ठेवा, नाही तर तो आतून सडतो. कापलेल्या आणि भोक पाडलेल्या प्रत्येक जागी प्राइमर आणि रंग लावा. आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा तपासा आणि पुढे प्रत्येक पावसाळ्याच्या आधी व नंतर.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जुन्या मालवाहू गाडीचं दरवर्षी पासिंग असतं, तेव्हा काम करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. कलम १२३ तर थेट पायदानाबद्दलच आहे. चालत्या गाडीच्या पायदानावर कुणालाही उभं करून न्यायचं नाही. आणि बायांनो, पायदान लावलं म्हणून हौद्यात मजुरांना बसवायची मुभा मिळत नाही. पायदान चढण्या-उतरण्यापुरतं आहे.

चढण्याचीही रीत आहे. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम गाडीला टेकलेले हवेत. म्हणून दाराच्या चौकटीला आतून एक मूठही बसवून घ्या. उतरताना शिडीवरून उतरतो तसं, तोंड गाडीकडे ठेवून उतरायचं. हातात पिशवी घेऊन नाही. पिशवी आधी सीटवर, मग आपण.

काम झालं त्या दिवशी आधी मी पायदानावर उभी राहिले आणि दोन उड्या मारल्या. हललं नाही. मग दीर उभे राहिले. मग आत्याबाईंना हाक मारली. त्यांनी चप्पल काढली, देवळाच्या पायरीवर ठेवावा तसा पाय ठेवला, मूठ धरली आणि वर गेल्या. आत बसून म्हणाल्या, "तराजू घेतलास का?"

तो मंगळवार होता. त्यानंतर त्यांचा एकही बाजार चुकलेला नाही.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी टेप घ्या आणि आपल्या गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, हे चढायला जमतं का? ती काय म्हणते त्यावरून पुढचं काम ठरवा. येते मी. नमस्कार.