इमान आणि मोकळीक – ५ : पगार सोडला, प्रभू सोडला नाही

वाशीम जिल्ह्यात ख्रिस्ती लोक थोडे. जिल्ह्याच्या गावचं नाझरीन मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल साऱ्यांना ठाऊक आहे, पण रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात येशूला मानणाऱ्या माणसाला पडणारे प्रश्न घरगुती असतात. सप्ताहात टाळ वाजू लागले की जाऊन बसायचं का? भावकीतल्या लग्नात हळद लावून घ्यायची का? बसलं तर मंडळी म्हणते, याचं जुनं अजून सुटलं नाही. न बसलं तर भावकी म्हणते, हा आपला राहिला नाही.

या ओढाताणीतून ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आयुष्यभर वाट काढत गेले.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाशी ते थबकले ते थबकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर आकाश कोसळलं. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या आणि काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या, त्या आपलं सोवळं बरोबर घेऊनच. पाणी वेगळं, चूल वेगळी. नगरच्या मिशनच्या वस्तीत हे चालवणं सोपं नव्हतं. लोक बोलत असणारच. टिळकांनी मात्र बायकोच्या सोवळ्याची सोय लावून दिली, बाप्तिस्म्याचा तगादा लावला नाही. पुढे जातिभेद माणसांनीच केला असं लक्ष्मीबाईंना आपल्या विचाराने पटलं, तेव्हा सोवळं सुटलं, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. पौलाने गलतीकरांना पत्रात कळवळून सांगितलेली मोकळीक या घरात अशी उतरली. सुंतेची सक्ती नको म्हणणारा पौल त्याच पत्रात प्रेमाने एकमेकांची सेवा करायलाही सांगतो. टिळकांनी त्यातलं एकही टोक सुटू दिलं नाही.

उपासनेतही त्यांनी हेच केलं. परदेशी चालींवर बसवलेल्या गीतांनी मराठी माणसाचं मन हलत नाही हे त्यांनी ओळखलं. मग अभंग आले, ओव्या आल्या, ख्रिस्ताचं कीर्तन आलं. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मोकळेपणाने सांगत. त्यांची कितीतरी पदं आज ‘उपासना संगीत’मध्ये आहेत आणि मराठी मंडळ्यांत ती पेटी-तबल्यावर गायली जातात.

कसोटीचं वर्ष १९१७. वय पंचावन्न, अमेरिकन मराठी मिशनची नोकरी, घरात बायको-मुलं. त्यांनी पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. मिशनशी भांडण नव्हतं. पगारी उपदेशकाचं बोलणं लोक पगाराच्या मापाने मोजतात, ही खंत त्यांना खात होती. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. अनेकांना हे जड गेलं. बाप्तिस्म्यावाचून शिष्य कसला, हा आक्षेप क्षुल्लक नाही, कारण ज्यांनी बाप्तिस्म्यापायी घरदार गमावलं त्यांना तो घ्यायचा हक्क आहे. पण टिळकांनी स्वतः ती किंमत आधीच मोजली होती. सवलत मागणाऱ्यांत ते नव्हते, दुसऱ्यासाठी दार उघडं ठेवत होते.

९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

केनवडच्या किंवा कुठल्याही गावच्या पाळकांना एक विनंती. भजनाला बसलेल्या पोराला मंडळीसमोर उभं करण्याआधी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तली त्या सोवळ्याच्या दिवसांची पानं वाचावीत, आणि मग त्या पोराला घरी बोलावून त्याच्याशी निवांत बोलावं.

पुढच्या आठवड्यात पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या चर्चचं प्रत्येक मत मुकाट्याने मान्य करायला नकार दिला.