आपली कोकणी बोली: कुठून आली, कुठे बोलली जाते?

आठवीच्या वर्गात एका मुलीने आम्हाला विचारले, "कोरियन भाषा चिनीतूनच निघाली ना?" मोबाईलवर कोरियन मालिका बघणारी मुले आता कर्जत-खालापुरातही आहेत. आम्ही म्हणालो, "नाही. कोरियनमध्ये चिनी मुळाचे शब्द खूप आहेत, पण वाक्याची बांधणी तिची स्वतःची आहे. म्हणून तिचे घराणे वेगळे. लिपीसुद्धा राजा सेजोंगच्या काळात, १४४३ मध्ये, वेगळी तयार झाली."

मग आम्ही उलट विचारले, "तुझी नानी घरी काय बोलते?" ती लाजली. "कोकणी. पण ती बिघडलेली मराठी आहे." मागून एक मुलगा बोलला, "छे, ती अरबीतून आलीय."

दोन्ही उत्तरे चूक. पण मुलांचा काय दोष? आपणच घरात त्यांना कधी सांगितले नाही.

आधी अरबीचे बघू. दुवा, रोजा, निकाह, कफन हे शब्द आपल्या कोकणीत आहेतच. पण भाषेचे कूळ अशा शब्दांवरून ठरत नाही. ते क्रियापदे, आकडे आणि नात्याच्या शब्दांवरून ओळखतात. आपण "रोजा ठेवला" म्हणतो. रोजा बाहेरून आला, 'ठेवला' इथलाच. मोजताना एक, दोन, तीन म्हणतो. म्हणजे कोकणी ही मराठीच्याच घरातली, प्राकृतातून उतरलेली बोली आहे. गोव्याची कोकणी, जिला १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, ती वेगळी. नाव एक असले तरी आपली बोली मराठीला जास्त जवळची आहे.

आता 'बिघडलेली' म्हणण्याविषयी. अलिबागजवळ अक्षीचा शिलालेख आहे. तो शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात आणि मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. तिथून थोड्याच अंतरावर चौल बंदर. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. बगदादचा अल-मसूदी ९१६ च्या सुमारास तिथे आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यांत ओमान, बसरा, सिराफहून आलेले व्यापारी होते आणि इथेच जन्मलेले लोकही होते. म्हणजे अक्षीचा दगड कोरला जाण्याच्या शंभर वर्षे आधी त्याच किनाऱ्यावर मुसलमान वस्ती नांदत होती. आपली बोली त्याच मातीत मराठीच्या सोबतीने वाढली. पाणीला 'पानी', डोळाला 'डोला' म्हणणे ही चूक नाही. उत्तर कोकणात आगरी आणि कोळी बांधवही तसेच बोलतात.

ही बोली पालघर-ठाण्यापासून रायगड, रत्नागिरीपर्यंत बोलतात. मुंबईत तर आहेच. नोकरी-धंद्यासाठी गेलेल्यांनी ती आखाती देशांत आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनपर्यंत नेली. आपले कर्जत-खालापूर मात्र किनाऱ्यावर नाही, बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. बंदरातला माल याच वाटेने घाटावर जायचा, १८६३ मध्ये रेल्वेही याच घाटातून वर गेली. त्यामुळे इथे खालून आलेली कोकणी आणि वरून आलेली दखनी, दोन्ही कानावर पडतात. शेजारी ठाकरांची आणि कातकऱ्यांची बोली आहेच. एका बाजारात इतक्या भाषा, ही आपली श्रीमंती आहे.

धोका कुठे आहे? कोरियाच्या जेजू बेटावर एक जुनी बोली आहे. शाळेत, नोकरीत सगळीकडे प्रमाण कोरियन. मग घरातल्या मोठ्यांनीही मुलांशी तीच बोलायला सुरुवात केली. २०१० मध्ये युनेस्कोने ती बोली अत्यंत धोक्यात असल्याची नोंद केली. आपल्याकडे तेच चालू आहे. उर्दू माध्यमाच्या घरात मुलांशी उर्दू, इंग्रजी माध्यमाच्या घरात इंग्रजी, आणि कोकणी फक्त दादी-नानीपुरती. आम्ही शिक्षकही यात आहोत. मुलांच्या 'पानी'वर लाल शाईची खूण आम्हीच केली. वहीत प्रमाण मराठी लिहायला शिकवायचे हे खरे, पण घरची बोली चुकीची आहे असे मुलांना वाटू द्यायला नको होते.

उर्दू शिकवा, मराठी पक्की करा, इंग्रजीही येऊ द्या. पण रोज जेवताना तरी मुलांशी कोकणीत बोला. नानीच्या गोष्टी, लग्नातली गाणी, म्हणी मोबाईलवर तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. जनगणनेवाले दारात येतील तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात काय सांगायचे, तेही घरात बसून आधी ठरवा. तुम्ही सांगाल तेच ते लिहितात.

त्या मुलीला आम्ही गृहपाठ दिला: नानीकडून दहा कोकणी शब्द लिहून आण. ती तेवीस घेऊन आली. त्यातले सहा आम्हालाही ठाऊक नव्हते.