माय, सकाय, आभाय

ब्रिटिश सरकारच्या भाषा-सर्वेक्षणात वऱ्हाडी बोली नोंदली गेली, तेव्हा नमुन्यासाठी निवडलेली गोष्ट बापलेकाच्या मायेची होती. ग्रियर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. तो स्टेन कोनो यांनी तयार केला होता. सर्वेक्षणाची रीत अशी, की प्रत्येक भाषेत, प्रत्येक बोलीत बायबलमधली उधळ्या मुलाचीच गोष्ट सांगून घ्यायची. नाती, सर्वनामं, क्रियापदांचे काळ सगळं त्या एका गोष्टीत सापडतं, एवढाच हेतू. पण गोष्टीतला बाप पाहा. सगळं उडवून परत आलेल्या पोराला तो ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं सांगत बसत नाही. लांबूनच ओळखतो, धावत सुटतो, गळ्यात पडतो आणि आधी कपडे नि जेवण यांचं बघतो.

वऱ्हाडातलं कुठलंही घर हा बाप ओळखेल. म्हणूनच झोपवताना मोठ्यानं वाचायच्या यमकबद्ध चित्रपुस्तकांचा विचार करताना मला इथून सुरुवात करावीशी वाटते. इंग्रजीत हा प्रकार जोरात आहे. दर पानावर आई किंवा बाप मुलाला सांगत असतात, की मी तुझ्यावर अमुक इतकं प्रेम करतो. सॅम मॅकब्रॅटनी यांच्या १९९४ च्या पुस्तकातले ससे तर प्रेम किती ते हातांनी मोजूनच दाखवतात. (त्या पुस्तकाला यमक नाही, पण त्याच्यामागून यमकवाल्यांची रांग लागली.) ही पुस्तकं ऑनलाइन मागवून अमरावती-अकोल्याच्या घरांतही येतात. त्यांचं मराठी करायला बसलं की पहिल्याच पानावर गाडी अडते. आपल्याकडे लेकराला प्रेम सांगत नाहीत. लेकराला ‘जेवलं का?’ असं विचारतात.

गंमत म्हणजे या प्रकारातलं सगळ्यांत टिकलेलं पुस्तकही प्रेम सांगत नाही. मार्गारेट वाइज ब्राउन यांच्या १९४७ च्या ‘गुडनाइट मून’मध्ये खोलीतल्या वस्तूंची नावं घेत एकेकीचा निरोप घेतला जातो, बस्स. प्रेम हा शब्द त्यात नाही. कोपऱ्यात एक म्हातारी विणत बसलेली असते, तेवढीच माया. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला ते पुस्तक पसंत नव्हतं. तिथल्या कपाटात त्याला १९७२ पर्यंत जागा मिळाली नाही. दुसरीकडे कॅनडाच्या रॉबर्ट मन्श यांचं १९८६ चं ‘लव्ह यू फॉरएव्हर’. मृत जन्मलेल्या दोन बाळांच्या दुःखातून मन्श यांच्या मनात आधी चार ओळींचं गाणं आलं. गोष्ट त्याच्या भोवती नंतर रचली गेली. आधी गाणं, मग पुस्तक, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कारण वऱ्हाडात गाणं आहेच, अडलंय ते पुस्तक.

गाणं किती जुनं? अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महदंबेनं धवळे रचले. महानुभाव गुरू गोविंदप्रभूंच्या पुढ्यात, लग्नगीताच्या चालीवर, तोंडी. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो, पण तिची रचना म्हणायची होती, वाचायची नव्हती, हे विसरतो. त्याच जिल्ह्यातल्या मोझरीहून तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आली, एकेचाळीस अध्यायांची आणि अख्खी ओवीत. आजही कितीतरी घरांत ती मोठ्यानं वाचली जाते. तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा, हे गणित माहीत नसलेल्या माणसाच्या कानालाही ते पाठ असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांपासून सुरू केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. २०१७ पासून तो ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. त्यातली आई लेकराबद्दल बोलते तेव्हा कामाबद्दल, सासरबद्दल, भावाबद्दलही बोलते. नुसती माया वेगळी काढून दाखवत नाही.

अंगाईत तक्रार असते, हे तसं जगभर दिसतं. कवी लोर्कानं १९२८ मध्ये स्पॅनिश अंगाईंवर व्याख्यान दिलं, तेव्हा त्याला हेच खटकलं होतं: झोपेला आलेल्या लेकरापुढे इतकं दुःख कशाला? मराठीत कवी दत्तांची (१८७५–१८९९) अंगाई पडक्या घरातल्या गरीब आईची आहे. ते पोरगेल्या वयात गेले, आणि आपल्या सगळ्यांत गाजलेल्या अंगाईत दारिद्र्य ठेवून गेले. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली (१९६०) कौतिक लेकरांसाठी आयुष्यभर राबते आणि मायेचा शब्द सहसा तोंडाबाहेर काढत नाही. वऱ्हाडातली मराठी आई कशी लिहायची, याचा त्याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे यमक.

प्रमाण मराठीत ‘आई’ला यमक हवं तर हाताशी काय आहे? ताई, बाई, घाई, जाई, गाई, अंगाई. शंभर वर्षं वापरून ही जोडी झिजून गेली आहे. ‘माये’ला यमक हवं तर छाया, काया, पाया, वाया: सगळा कीर्तनातला माल. वऱ्हाडीत मात्र ळ चा य होतो आणि एकदम अख्खं शिवार यमकात येतं. सकाळची सकाय होते, आभाळाचं आभाय; दोन्ही ‘माय’ला जुळतात. शाळेची शाया, हिवाळ्याचा हिवाया, जिव्हाळ्याचा जिव्हाया आणि काळ्या मातीतलं ‘काया’ हे सगळे ‘माया’ला जुळतात. विठ्ठल वाघांचं तिफणीचं गाणं ‘अरे संसार संसार’ (१९८१) या चित्रपटातून गावोगाव गेलं, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राच्या कानावर वऱ्हाडी पडली. पण बालसाहित्यानं तिचा हा य उचलला नाही. ही जुळणी कागदावर प्रमाण लेखनात दिसत नाही, ती जिभेवर असते. आणि झोपताना वाचायचं पुस्तक हे वाचणाऱ्याच्या जिभेसाठीच असतं. ऐकणाऱ्याला अजून अक्षरओळखही नसते.

दुसरी सोय व्याकरणाची. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून आली-गेली-झाली ही यमकं फुकट मिळतात. फुकटची यमकं लेखकाला आळशी करतात, हे कुठलंही बडबडगीतांचं स्वस्त पुस्तक उघडून पाहावं. शिवाय ‘येतो’ की ‘येती/येते’ या भानगडीत पुस्तक मुलाचं की मुलीचं हे आधीच ठरवावं लागतं. वऱ्हाडीत पोट्टा येते आणि पोट्टीही येते. एकच ओळ दोघांना चालते. ‘लेकरू’ तर मुळातच नपुंसकलिंगी. आणि ‘रडून राह्यलं’, ‘झोपून राह्यलं’ ही लांबवलेली क्रियापदं ओळीला आपोआप संथ करतात, जे अंगाईला हवंच असतं.

नमुन्यादाखल चार ओळी माझ्याच:

निजलं आभाय, निजली गाय,
झोका देऊन निजली माय.
लेकरू म्हणते, आता काय?
नीज बापा, होईन सकाय.

दर ओळीत सोळा मात्रा. चारही ओळींना एकच यमक हा जरा हावरटपणाच झाला, पण सांगायचं वेगळं आहे. शेवटची ओळ कोण म्हणतं? शब्दांत ते नाही. बाजेवर जागी असलेली आजी चित्रकारानं दाखवायची. चित्रपुस्तकात शब्दांनी थोडं अर्धवटच राहायचं असतं.

आजी मी उगाच आणलेली नाही. दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटतो आणि माय सकाळीच वावरात जाते. पऱ्हाटीच्या ओळीत ती, धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोयी, आणि दोरी हातात धरून थोरली बहीण किंवा बुढी आजी. सांभाळणारं माणूस म्हणजे आईच, हे गृहीतक इथे चालत नाही. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’ या संचात घरातल्या एकेका माणसाला वेगळं पुस्तक दिलं, तो रस्ता बरोबर होता. ती पुस्तकं गद्यात आहेत. यमकाची जागा अजून रिकामीच आहे.

चित्रपुस्तकाची पानं बहुधा बत्तीस असतात, कारण छपाईचा मोठा कागद दुमडत गेलं की आकडा सोळाच्या पटीत येतो. शीर्षक वगैरे वजा जाता बारा-चौदा जोडपानं उरतात, म्हणजे दोन-दोन ओळी धरल्या तर पंचवीसेक ओळी. एवढ्यात सगळं बसवायचं. पान उलटताना पुढे काय, ही उत्सुकता हवी; भुलाबाईच्या गाण्यांनंतर मुली झाकलेली खिरापत ओळखतात, तशी. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली भुलाबाईचं माहेर, डोहाळे, बाळ हे सगळं साखळीच्या गाण्यांत गातात. एका कडव्याचा शेवट पुढच्याची सुरुवात होतो. पान उलटायला भाग पाडणारी याहून तयार रचना कुठे मिळणार?

आणि दिवा? इंग्रजी पुस्तकात पलंगाशेजारी दिवा असतोच. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि घरं अंगणात, गच्चीवर बाज टाकून झोपतात. तिथे पुस्तक दिसणारच नाही. यमक लागतं ते यासाठी. वाचून दोन-चार रात्री झाल्या की ते पाठ व्हायला हवं, म्हणजे वीज गेली तरी म्हणता येतं. जी ओळ अंधारात आठवत नाही, ती कितीही सुंदर असली तरी वऱ्हाडातल्या पुस्तकातून काढून टाकावी, असं माझं मत आहे.

यावर आक्षेप ठरलेला असतो: पोरांना अशुद्ध शिकवता का? छापील मराठीत वऱ्हाडी बहुतेक पात्रांच्या तोंडी आली, निवेदन प्रमाण भाषेतच राहिलं; ‘धग’मध्येही तसंच आहे. कविसंमेलनात वऱ्हाडी म्हटली की लोक आधीच हसायला बसतात. गंभीर, हळू आवाजातली वऱ्हाडी छापून फारशी आलीच नाही. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं, पण घरची भाषा म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणची प्रमाण मराठी, असाच अर्थ लावला जातो.

परंपरेतलं काय घ्यायचं, हा वेगळा प्रश्न. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत होत्या. पुढे १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि १९३३ पासून मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. मुलांना भीती दाखवून काही करवून घ्यायचं नाही, हा त्या दोघांचा हट्ट. झोपवायला बागुलबुवा बोलावणाऱ्या आपल्या जुन्या गाण्यांना तो लागू होतोच. वऱ्हाडी पुस्तकानं परंपरेतलं सगळंच उचलू नये. बागुलबुवा गाळावा आणि तक्रार ठेवावी.

हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी तान्ह्या बाळांना अनोळखी भाषांतल्या अंगाई ऐकवल्या, तरी बाळं शांत झाली, हृदयाचे ठोके मंदावले. म्हणजे तान्ह्याला भाषा कळायची गरज नाही. पण चित्रपुस्तक तीन-चार वर्षांच्या मुलासाठी असतं आणि त्याला शब्द लागतो. अमरावती जिल्ह्यातच चिखलदरा-धारणीकडे चढू लागलं की हा प्रश्न टोकदार होतो. मेळघाटातल्या कोरकू घरात वऱ्हाडीही परकीच. कोरकू मुंडा कुळातली, तिचा मराठीशी गोतावळाच नाही. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर चित्रं फुकट वापरता येतात, मजकूर बदलून आपल्या भाषेत पुस्तक करता येतं, त्यामुळे रंगीत छपाईच्या खर्चाचं कारण पूर्वीइतकं चालत नाही. पण वऱ्हाडी यमकं कोरकूत उतरवून भागणार नाही. ‘माय’ला तिथे आभाळ जुळत नसेल. काय जुळतं ते धारणीच्या एखाद्या आजीला किंवा अंगणवाडीताईला विचारावं लागेल, आणि पुस्तकावर नाव तिचं घालावं लागेल.