पशुधन पर्यवेक्षकाचे व्यावसायिक प्रशिक्षण आणि पशुकल्याण

पशुसंवर्धनाच्या पदविकाधारकास नेमके कोणते काम करता येते, हा प्रश्न अभ्यासक्रम आखतानाच सुटावयास हवा; विद्यार्थ्यापुढे तो बहुधा उत्तीर्ण झाल्यावर उभा राहतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकासच आहे. मात्र राज्य शासनाच्या आदेशाने पशुधन पर्यवेक्षकाची पदविका वा प्रमाणपत्र असलेल्यास त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. लसीकरण, खच्चीकरण व जखमांची मलमपट्टी यांचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे.

यांपैकी खच्चीकरण कायद्याच्या भाषेत किरकोळ असले, तरी गोऱ्ह्याच्या दृष्टीने ते तसे नाही. वृषण ठेचण्याची जुनी रीत अत्यंत क्लेशकारक होती. बर्डिझो चिमट्याने त्वचा न फाटता वृषणरज्जू चिरडला जातो. प्रत्येक बाजूचा रज्जू स्वतंत्रपणे, थोडा वरखाली दाबावा लागतो. संपूर्ण वृषणकोश एकाच रेषेत दाबल्यास रक्तपुरवठा तुटून तो सडण्याचा धोका असतो. वेदना याही पद्धतीत असतेच, म्हणून स्थानिक भुलेचा व पर्यायाने पशुवैद्यकाच्या निर्देशाचा प्रश्न येतो. फळ्यावरील आकृतीने हे कौशल्य हाती येत नाही.

प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० चे कलम ११ खच्चीकरणास सूट देते, परंतु ते विहित रीतीने केले असेल तरच.

चारा नियोजन, दुधाच्या नोंदी, गोठ्याचा हिशेब या व्यवस्थापनाच्या कामांस अशी मर्यादा नाही. स्वयंरोजगाराची वाट तेथे अधिक मोकळी आहे. माहितीपत्रकातून स्वतंत्र उपचारकेंद्राची आशा दाखविणे मात्र विद्यार्थ्याची फसवणूक ठरते.