गुणपत्रिकेपलीकडची बुद्धी

बारावीचा किंवा ‘नीट’चा निकाल लागला, की लातूर-नांदेडच्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : किती गुण मिळाले? त्या आकड्यावर मूल हुशार की ‘ढ’, हे ठरते. मागे पडलेल्यास ‘आता दुकानावर बसव’ असे सहज म्हटले जाते. जणू दुकान चालविण्यास बुद्धी लागतच नाही!

सराव, चाचण्या आणि शिस्त यांवर उभ्या राहिलेल्या ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्यातील मुलांना आत्मविश्वास दिला, हे निर्विवाद आहे. परंतु परीक्षा म्हणजे संपूर्ण बुद्धीचे माप नव्हे.

१९०५ मध्ये आल्फ्रेड बिने यांनी फ्रान्समध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती शाळेत अधिक साहाय्याची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. कोणावर कायमचा शिक्का मारण्यासाठी नव्हे. पुढे धारवाड भागात वि. वा. कामत यांनी तिचे कन्नड व मराठी मुलांसाठी रूपांतर केले. परक्या भाषेतील, परक्या जीवनातील प्रश्न जसेच्या तसे आपल्या मुलांना लागू पडत नाहीत, हे त्यामागील मर्म होय.

स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये सर्व कौशल्यांच्या मुळाशी एकच सामान्य बुद्धी मानली; हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बुद्धी अनेकविध असल्याचे मांडले. ब्राझीलमध्ये रस्त्यावर फळे-भाजी विकणारी मुले व्यवहारातील हिशेब तोंडी अचूक करीत. तीच गणिते कागदावर दिली असता चुकत. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने संशोधकांना विचारात पाडले.

आपल्या परंपरेत ही दृष्टी प्राचीन आहे. श्वेतांबर आगमांतील नंदीसूत्रात मतिज्ञानाच्या विवेचनात बुद्धीचे चार प्रकार सांगितले आहेत : प्रसंगी आपोआप स्फुरणारी औत्पत्तिकी, गुरुजनांच्या विनयातून येणारी वैनयिकी, कामाच्या अभ्यासातून घडणारी कर्मजा आणि वय व अनुभवाने परिपक्व होणारी पारिणामिकी.

मोंढ्यात सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओलावा ओळखणारे आजोबा कर्मजा बुद्धीचे धनी असतात. उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला नम्रपणे नाकारावी, हा निर्णय पारिणामिकी बुद्धीचा असतो. यांपैकी काहीही गुणपत्रिकेवर उमटत नाही.

म्हणून निकालाच्या दिवशी मुलाला आकड्याने तोलण्यापूर्वी, त्याच्यात कोणती बुद्धी उमलते आहे, हे पालकांनी पाहावे. तो दुकानात आला, तर पराभूत म्हणून नव्हे, शिकाऊ म्हणून यावा. आणि पुढे शिकू इच्छित असेल, तर एका निकालाने त्याची वाट बंद होऊ नये.