चौघांचा सरंजाम
लेखांक चौथा

गेल्या तीन लेखांकांत 'बाल्डर्स गेट ३' या खेळाची पूर्वपीठिका, त्यातील वंश आणि वर्ग, तसेच सोबत्यांचे स्वभाव यांचा परामर्श आपण घेतला. आता ज्यासाठी बहुतेक वाचकांनी हा खेळ हाती घेतला असेल, त्या युद्धाच्या आणि युद्धसामग्रीच्या प्रकरणाकडे वळावयाचे आहे. बेल्जियममधील घेंट येथील लॅरियन स्टुडिओजने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला हा खेळ, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी सुरू केलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या मेजावरील खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभा आहे, आणि त्या नियमांचा उलगडा करून सांगण्याची तसदी तो फारशी घेत नाही. पिंपळगाव राजासारख्या गावी, जेथे शेजारी बसून चूक दाखविणारा जाणता खेळाडू सहसा लाभत नाही, तेथे नवखा मनुष्य पहिल्या दोन-तीन चकमकींत चारही सोबती गमावून बसतो आणि आपली तलवारच हलकी होती असा ग्रह करून घेतो. हा ग्रह त्याने सर्वांत आधी टाकून द्यावा. या खेळात लढाईचा निकाल लागतो तो पाळ्यांच्या हिशेबावर; आपल्या वाट्याला किती कृती आल्या आणि शत्रूच्या वाट्याला किती उरू दिल्या, एवढ्याच प्रश्नाभोवती शस्त्र, चिलखत, मंत्र आणि जागा हे सर्व फिरत असते.

या हिशेबाचे मूळ वीस बाजूंच्या पाशात आहे. फाशांची विद्या आम्हा वऱ्हाडकरांना परकी वाटण्याचे कारण नाही. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात द्यूतात राज्य हरलेला नळ बाहुक या नावाने सारथी होऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हाकीत असतो; वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या दृष्टीने मोजून दाखवितो, नळ झाड तोडून ती संख्या पडताळून पाहतो, आणि मग अश्वविद्येच्या मोबदल्यात राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकून घेतो. प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे कथाकाराने नेमके तेच झाड का निवडले ते उमगते. ज्याला मोजता येते त्याला दैवाचे भय कमी, ही दृष्टी त्या कथेत आहे, आणि आपल्या चौघांच्या फौजेला तीच हवी आहे.

प्रत्यक्ष मोजून पाहू. पहिल्या पातळीवरच्या योद्ध्याला बळाचे ३ आणि प्रावीण्याचे २ मिळून पाशावर ५ ची भर मिळते. समोरच्या शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा, १५ असेल तर पाशावर १० किंवा अधिक पडावे लागतात, म्हणजे वार लागण्याचा संभव शंभरात ५५. हाच योद्धा उंचवट्यावर उभा राहून धनुष्य वापरू लागला तर २ ची भर पडते आणि, बाकीचे आकडे तेच धरले तर, संभव ६५ वर जातो. शत्रू जमिनीवर लोळत असताना जवळून प्रहार केला, किंवा आपण त्याच्या दृष्टीआड राहून बाण सोडला, तर 'ॲडव्हान्टेज' मिळते, दोन पाशांतील मोठा आकडा धरला जातो आणि संभव जवळजवळ ८० होतो. उलट, शत्रू अंगाला भिडलेला असताना तिरंदाजी करण्याचा आग्रह धरला तर दोहोंतील लहान आकडा धरतात आणि संभव तिसावर घसरतो. ऐंशी आणि तीस यांच्यातील हे अंतर कोणतीही रत्नजडित तलवार भरून काढू शकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकच जीवनांक उरलेला शत्रू पूर्ण धडधाकट शत्रूइतकाच जोराने मारतो. समजा, समोर चार शत्रू आहेत, प्रत्येक जण दोन प्रहारांत पडतो, आपल्याकडे चौघे आहेत, पहिली पाळी आपली आहे आणि आपला एकही वार चुकत नाही. चौघांनी चार वेगवेगळे शत्रू वाटून घेतले तर पहिल्या फेरीअखेर चारही घायाळ परंतु उभे राहतात आणि आपल्यावर चार प्रहार येतात. तेच चौघांनी मिळून प्रथम एकाला आणि मग दुसऱ्याला पाडले तर दोनच शत्रू उरतात आणि प्रहारही दोनच येतात. दोन्ही रीतींनी लढाई दुसऱ्या फेरीतच संपते, पण पहिल्या रीतीने आपले नुकसान दुप्पट होते. प्रत्येकाने आपापला प्रतिस्पर्धी निवडून द्वंद्व खेळावे ही कल्पना शूर खरी, परंतु या खेळात ती घातकी आहे. म्हणून प्रथम कोणाला पाडावयाचे हे पाळी येण्यापूर्वीच ठरवावे. बहुधा तो मंत्र टाकणारा किंवा दुरून बाण मारणारा असतो, कारण त्याचा देह दुबळा आणि उपद्रव मोठा.

सरंजामाकडे वळताना पहिला दंडक प्रावीण्याचा. ज्या चिलखताचे प्रावीण्य नाही ते अंगावर चढविले तर वार चुकू लागतात आणि मंत्र म्हणता येत नाहीत, म्हणून जादूगाराला लोखंडी बख्तर घालून सुरक्षित करण्याचा मोह आवरावा. योद्धी लेझेल हिला मात्र मिळेल ते जड चिलखत द्यावे. ड्रूइडांच्या उपवनात डॅमन नावाचा लोहार आहे, त्याच्या दुकानी हाताशी असलेली नाणी खर्चण्यात संकोच नको. ढालीला नवखे लोक कमी लेखतात. ४ ची भर असलेल्या शत्रूला १६ चा आर्मर क्लास भेदण्यास पाशाच्या वीसांपैकी नऊ बाजू अनुकूल असतात. ढालीने तो १८ झाला की सातच उरतात, म्हणजे अंगावर येणाऱ्या प्रहारांतील पाचव्या हिश्शाहून अधिक प्रहार एका लाकडी फळीने अडविले. उलट बाजूस, दोन हातांच्या मोठ्या तलवारीचा सरासरी आघात ७ आणि एका हातातील लांब तलवारीचा ४.५, हे अडीच अंक हवे असतील तर ते धारण करणारा मागे हटण्याची वेळ येऊ न देणारा असावा. एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते: गेल हा जादूगार असला तरी मनुष्यवंशी असल्यामुळे त्याला ढालीचे प्रावीण्य जन्मतःच आहे, आणि ढाल हाती धरून त्याचे मंत्र यत्किंचितही अडत नाहीत. सकाळी 'मेज आर्मर' हा मंत्र स्वतःवर टाकून आणि डाव्या हाती ढाल देऊन त्याला उभा करावा.

सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला आढळतो. पाणी पाजणारा आणि घोड्याला नाल ठोकणारा हे तलवार चालवीत नाहीत, तरी त्यांच्यावाचून पंचवीस तलवारी मुक्कामही गाठणार नाहीत, हे त्या राजाने ओळखले होते. आपल्या चौघांत ही जागा शॅडोहार्टची. तिला गदा घेऊन आघाडीला पाठविणे म्हणजे तिची पाळी वाया घालविणे होय. तिचा 'ब्लेस' हा मंत्र तीन सोबत्यांच्या प्रत्येक वारात चार बाजूंच्या पाशाची भर घालतो, आणि तिच्या स्वतःच्या एका वारापेक्षा त्याचे मोल पुष्कळ अधिक आहे. मात्र तो चित्ताच्या एकाग्रतेवर टिकतो, तिला घाव लागला की तुटण्याचा संभव असतो, आणि एका वेळी असा एकच मंत्र धरता येतो. कोणी सोबती कोसळला तर 'हीलिंग वर्ड' दुरूनच, आणि मुख्य कृती खर्च न करता, त्याला उभा करतो. किरकोळ जखमा भरण्यात मात्र तिची शक्ती दवडू नये. त्यासाठी कुप्या आहेत. कुपी पिण्यास गौण कृती पुरते, आणि दोघे-तिघे जवळजवळ उभे असतील तर एकच कुपी त्यांच्या पायांशी फेकून फोडल्यास सर्वांना गुण येतो. मंत्रांच्या गुंडाळ्या तर कोणालाही, अगदी लेझेललाही, वाचता येतात. पुढे मोठा प्रसंग येईल म्हणून या वस्तू साठवून ठेवणारे खेळाडू भरल्या कोठारासकट पराभूत होतात.

चकमक सुरू होण्यापूर्वीची पाच मिनिटे ही चकमकीतील दहा फेऱ्यांइतकी मोलाची. चौघांची साखळी सोडवून प्रत्येकाला स्वतंत्रपणे हलविता येते, हे पुष्कळांना उशिरा कळते. गेल आणि चोरपावलांचा अ‍ॅस्टेरियन यांना उंचावर बसवावे, लेझेलला दरवाजाच्या किंवा अरुंद वाटेच्या तोंडाशी ठेवावे, आणि मगच पहिला बाण लपून सोडावा. शत्रू बेसावध सापडला तर त्याची पहिली पाळी बुडते, म्हणजे एक संपूर्ण फेरी आपल्याला फुकट मिळते. भूमीवर काय सांडले आहे तेही पाहावे. तेलकट चिखलाला ठिणगी लागताच तो पेटतो, आणि भिजलेल्या शत्रूला विजेचा व हिमाचा आघात दुप्पट बसतो. जवळ मेणबत्ती जळत असेल तर तीत शस्त्राचे टोक बुडवावे. गौण कृतीत प्रत्येक वाराला अग्नीची जोड मिळते. आणि आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे, तसेच खेळ आपण होऊन नोंद ठेवतो ती बहुधा फार मागची असल्यामुळे, जागा लावून झाल्यावर 'एफ ५' ही कळ दाबण्याचा नियम कटाक्षाने पाळावा.

राहिला विश्रांतीचा प्रश्न. दोन दीर्घ विश्रांतींच्या मध्ये दोन अल्प विश्रांती घेता येतात. त्या प्रत्येकीने निम्मे जीवनांक परत येतात आणि शस्त्रांचे विशेष डावही पुन्हा वापरता येतात, म्हणून प्रत्येक जड चकमकीनंतर एक घ्यावी. मंत्रशक्ती मात्र बहुतेकांची दीर्घ विश्रांतीनेच भरून येते, आणि सामान्य काठिण्यावर तिला ४० एककांची शिधासामग्री लागते. वाटेतल्या पेटाऱ्यांत आणि पिंपांत सापडणारी फळे, मांस, चीज यांची रसद उचलून छावणीत पाठवीत गेले तर ती कधी कमी पडत नाही, आणि गोष्ट हुकेल या भीतीने रात्रीचा मुक्काम टाळण्याचेही कारण नाही, कारण सोबत्यांचे बहुतेक महत्त्वाचे संवाद छावणीतल्या रात्रीच घडतात. सोबत्याचा वर्गच चुकीचा निवडला असे वाटले, तर जुन्या थडग्यात सापडणारा विदर्स छावणीत येऊन राहतो आणि १०० सुवर्णनाण्यांत ती निवड पुन्हा करू देतो. तो कोठे सापडतो आणि कोणते वर्ग एकमेकांना पूरक ठरतात, याचा विचार पुढील लेखांकात करू.