साल्व्हियाचा मूळ मुलूख आणि आपले अंगण

हिवाळ्याच्या प्रारंभी सरकारी बंगल्यांच्या आवारात, रेल्वे स्थानकांसमोरील गोल वाफ्यांत आणि नगरपालिकांच्या उद्यानांत जी तांबडीलाल फुलझाडे रांगेने लावलेली दिसतात, त्यांत साल्व्हियाला फार जुने स्थान आहे. आणि या सार्वजनिक परिचयामुळेच की काय, घरच्या बागेत आस्थेने वाढवावे असे त्या झाडात काही असेल, ही गोष्ट पुष्कळांच्या मनात येत नाही. रोपवाटिकेतून रोपे आणावीत, दोन-तीन महिने त्यांची लाली पाहावी आणि ऊन तापू लागताच ती उपटून टाकावीत, एवढाच त्याच्याशी आपला व्यवहार. हा व्यवहार मला अन्यायाचा वाटतो. कारण साल्व्हिया हे एकच एक झाड नसून ती जवळजवळ १,००० जातींची विशाल वनस्पती-प्रजाती आहे, आणि त्या जातींचे मूळ मुलूख इतके भिन्न आहेत की एकीला मानवणारी जागा दुसरीच्या मुळावर यावी.

ही प्रजाती तुळशीच्या कुलातील. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पाने आणि चुरगळल्याबरोबर सुटणारा गंध ही त्या कुलाची लक्षणे तुळस, पुदिना आणि सब्जा यांच्याप्रमाणे साल्व्हियातही स्पष्ट दिसतात. पाण्यात भिजवून खातात ते चियाचे बी मेक्सिको-ग्वातेमालाकडील एका साल्व्हियाचेच. युरोपीय पाकशास्त्रातील सेज हीदेखील साल्व्हियाच. आणि २०१७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोझमेरीलाही याच प्रजातीत दाखल करून घेतले. प्रजातीचा सर्वांत मोठा गोतावळा मध्य व दक्षिण अमेरिकेत असला, तरी हिंदुस्थान तिला सर्वस्वी परका नाही: हिमालयात तिच्या काही जाती रानोमाळ उगवतात, आणि साल्व्हिया प्लेबिया ही बारीक फुलांची जात मैदानी मुलखातही तण म्हणून आढळते.

आपल्याकडे सर्वत्र दिसणारी लाल जात साल्व्हिया स्प्लेंडेन्स ही. तिचे माहेर ब्राझीलच्या किनारी डोंगरांतील दमट, मेघाच्छादित अरण्यांत आहे. तेथे ती बहुवर्षायू झुडूप म्हणून उंच वाढते. वीतभर-हातभर उंचीची, एका हंगामाची ठेंगणी रोपे ही पाश्चात्त्य बागवानांच्या निवडीची करामत होय. हे मूळ ठिकाण एकदा ध्यानात आले, म्हणजे पश्चिमेकडील गच्चीत दुपारच्या प्रखर उन्हात ठेवलेल्या कुंडीतील साल्व्हिया का कोमेजते, याचा उलगडा आपोआप होतो. तिला सकाळचे तीन-चार तास ऊन, दुपारी विरळ छाया आणि सतत किंचित ओली पण पाणी न साचणारी माती हवी. पुणे-नाशिककडील कोरडा, थंड हिवाळा तिला मानवतो. विदर्भातील उन्हाळ्यात तिला जगविण्याचा अट्टाहास धरू नये.

याच्या नेमके उलट साल्व्हिया फॅरिनेशियाचे. टेक्सास आणि मेक्सिकोच्या उघड्या माळांवर वाढणारी ही निळी-जांभळी जात पूर्ण उन्हात उभी राहते, थोडी तहान सोसते आणि लाल जातीपेक्षा कितीतरी दिवस फुलत राहते. तिच्या दांड्यांवर आणि पुष्पकोशांवर पिठासारखी बारीक पांढरट लव असते, त्यामुळे तिचा निळा रंग कधी भडक वाटत नाही. घरच्या बागेत एकच साल्व्हिया लावण्याइतकी जागा असेल, तर मी निःसंकोचपणे हिची शिफारस करीन. साल्व्हिया कॉक्सिनिया ही तिसरी जात दिसायला सडपातळ. तिची फुले तुऱ्यावर विरळ येतात, परंतु ती आपले बी आपणच पाडून पुढच्या पावसात पुन्हा उगवते, आणि ज्यांना रोज निगा राखण्यास सवड नाही त्यांच्या अंगणात तीच टिकते. मेक्सिकोची साल्व्हिया ल्युकँथा, मखमली जांभळ्या तुऱ्यांची, दिवस लहान होऊ लागले की फुलते. तिला ऐसपैस जागा लागते. सेज मात्र भूमध्यसागराच्या खडकाळ किनाऱ्यांवरची असल्यामुळे आपल्या पावसाळ्यात तिची मुळे कुजतात. तिला मातीच्या कुंडीत, भरपूर जाड वाळू घातलेल्या मिश्रणात वाढवावे आणि जून ते सप्टेंबर वळचणीखाली ठेवावे.

पेरणी करावी ती पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. येथे एक चूक सर्रास घडते: बी खोल पुरले जाते. साल्व्हियाच्या बियांना रुजण्यासाठी प्रकाश उपकारक असतो, म्हणून चाळलेल्या ओलसर मातीवर बी पसरून ते नुसते दाबावे, वर मातीचा थर देऊ नये, आणि पाणी झारीने न घालता फवाऱ्याने द्यावे. दहा-पंधरा दिवसांत अंकुर दिसतात. या वेळी अतिपाणी झाले, तर कोवळी रोपे बुंध्याशी कुजून आडवी पडतात. त्या मर रोगावर पुढे औषध शोधीत बसण्यापेक्षा आधीच निचऱ्याचा बंदोबस्त करणे श्रेयस्कर. देशावरील काळी माती एकटी वापरू नये. पोयटा, कुजलेले शेणखत आणि वाळू यांचे भुसभुशीत मिश्रण करावे. रोपाला चार-सहा पाने फुटली की सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर लावणी करावी, आणि रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. फुलाची घाई झालेल्या माणसाला हे खुडणे जिवावर येते. पण त्यानंतर बगलेतून जे फुटवे येतात, त्यांतील प्रत्येकावर तुरा धरतो. नत्रयुक्त खताचा मारा केला तर पाने माजतात आणि फुले रोडावतात. पानांच्या खालची बाजू अधूनमधून पाहावी: पांढरी माशी, मावा आणि कोरड्या हवेत लाल कोळी तेथेच ठाण मांडतात, लवकर लक्षात आले तर पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क यांवर सहसा भागते.

साल्व्हियाच्या फुलाची अंतर्रचना मात्र अवश्य पाहण्यासारखी आहे. फुलात दोनच कार्यक्षम पुंकेसर असतात, आणि मधमाश्यांवर अवलंबून असलेल्या जातींत प्रत्येक पुंकेसराचा मधला भाग लांबून त्याची तरफ बनलेली असते. तिचे खालचे टोक मधाकडे जाणारी वाट अडवून बसते आणि वरच्या टोकावर परागकोश असतो. मधमाशीने आत डोके घालून खालचे टोक ढकलले, की कोकणातील विहिरीवरच्या पाणी उपसण्याच्या लाटेप्रमाणे वरचे टोक खाली झुकते आणि नेमके तिच्या पाठीवर पराग टेकविते. फूल जुने झाले म्हणजे त्याची कुक्षी खाली वाकून त्याच जागेवर येते, आणि दुसऱ्या फुलाहून पराग घेऊन आलेल्या माशीच्या पाठीला स्पर्श करते. श्प्रेंगेल या जर्मन निरीक्षकाने १७९३ च्या आपल्या ग्रंथात या रचनेचे वर्णन केले. लाल, लांब नळीची फुले अमेरिकेत हमिंगबर्डसाठी असतात. आपल्याकडे ते पक्षी नाहीत, पण शिंजीर त्यांवर येतो, आणि चोच तोंडातून पोचेना तर फुलाला बुडाशी छिद्र पाडून मध घेतो.

सुकलेले तुरे वेळीच छाटले, तर बहराची मुदत वाढते. मात्र ज्यांना बी हवे त्यांनी दोन-चार तुरे राखून ठेवावेत. फूल गळाल्यावर पुष्पकोशाच्या तळाशी चार बारीक फळे धरतात, ती तपकिरी होताच तुरा कागदाच्या पिशवीत उलटा झटकावा, कारण एक-दोन दिवस हयगय झाली तरी ती सांडून जातात. संकरित वाणांचे बी आईबापांसारखे निपजत नाही. अशा झाडाचा रंग हवा तसाच राखायचा असेल, तर फूल नसलेल्या कोवळ्या फांदीचे चार बोटे लांबीचे छाट कलम घेऊन ते छायेत, ओल्या वाळूत लावावे. फॅरिनेशियाची जुनी झुडपे फेब्रुवारीत एक-तृतीयांशाने छाटून त्यांना मूठभर गांडूळखत द्यावे.